बंद दाराआडचे बंधुत्व
(नेवासे येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



फ्रीमेसन हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांवर केव्हा ना केव्हा आलेला असतो, आणि तो बहुधा कुजबुजीतच आलेला असतो. शहराच्या जुन्या छावणीच्या भागातील एखादी जाड भिंतींची इमारत, तिच्या दारावर गुण्या व कंपास ह्यांची आकृती, ठरावीक संध्याकाळी आत जाणारी प्रतिष्ठित माणसे आणि आत काय चालते ह्याविषयी बाहेर पसरलेल्या नाना कथा, एवढ्यावर आपले ज्ञान संपते. उत्तर हिंदुस्थानात तर अशा इमारतीला लोक ‘जादूघर’च म्हणत. कार्यकारी मंडळाने हा विषय माझ्याकडे सोपविला तेव्हा एका सद्गृहस्थांनी विचारले, की नेवाशासारख्या क्षेत्री हा साहेबी विषय कशासाठी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर व्याख्यानाच्या ओघात येईल; तोवर थोडा धीर धरावा.

‘मेसन’ म्हणजे गवंडी किंवा पाथरवट. मध्ययुगात युरोपमध्ये प्रचंड प्रार्थनामंदिरे उभी राहत होती. एकेक मंदिर पुरे होण्यास पिढ्या लागत. बांधकामाच्या कडेला पाथरवटांचे खोपट असे. दगड घडविणे, अवजारे ठेवणे, जेवणे आणि धंद्याचे तंटे मिटविणे ही सर्व कामे तेथेच चालत. त्या खोपटाचे नाव ‘लॉज’. एक काम संपले की कारागीर दुसऱ्या गावी जाई. तेथे आपण कसलेले कारागीर आहोत हे तो कसे पटविणार? परंपरा अशी सांगते, की त्यासाठी हस्तांदोलनाची विशिष्ट रीत आणि एक गुप्त शब्द ठरलेला असे. म्हणजे आज ज्याला आपण गूढ म्हणतो ते मुळात पोटापाण्याचे प्रमाणपत्र होते!

पुढे मंदिरांचे युग सरले. सतराव्या शतकात ह्या खोपटांत दगडाला कधी हात न लावलेले विद्वान, जमीनदार आणि सरदार सभासद म्हणून येऊ लागले. अवजारे राहिली, परंतु ती आता मनुष्याच्या स्वभावावर चालवावयाची ठरली. लंडनमधील चार लॉजांनी एकत्र येऊन 24 जून 1717 रोजी ‘ग्रँड लॉज’ स्थापन केली असे परंपरेने मानले जाते. 1723 साली जेम्स अँडरसन ह्या धर्मोपदेशकाने संस्थेची घटना छापली. त्या काळी इंग्लंडात पंथापंथांतील रक्तपाताच्या आठवणी ताज्या होत्या. अशा वेळी, ज्या धर्मतत्त्वांवर सर्व सज्जनांचे एकमत आहे तेवढीच सभासदाकडून अपेक्षावी आणि बाकीची मते ज्याची त्याच्यापाशी राहू द्यावीत, असे ह्या घटनेने सांगितले. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण ह्यांवर वाद घालण्यास बंदी झाली.

आता त्यांचे आचार पाहू. सभा चालू असता दाराबाहेर उपसलेली तलवार घेऊन एक रक्षक उभा असतो. दीक्षेस येणाऱ्या उमेदवाराच्या अंगावरील पैसे व धातूच्या वस्तू काढून घेतात, त्याचे डोळे बांधतात, गळ्यात दोरी अडकवितात, आणि अशा दीन अवस्थेत त्याला आत आणतात. त्याला काय हवे असे विचारले असता ‘प्रकाश’ हे उत्तर यावयाचे असते. शपथ झाल्यावर डोळ्यांवरची पट्टी सुटते. कोकराच्या पांढऱ्या कातड्याचा, कारागिराचा असा पट त्याच्या कमरेला बांधतात. मग त्याच्याकडे दानधर्मासाठी काही मागतात. देण्यास त्याच्यापाशी कवडीही नसते. दारिद्र्य म्हणजे काय हे श्रीमंत माणसाला क्षणभर का होईना अंगावर घ्यावयास लावणारी ही योजना मला फार मार्मिक वाटते. आपल्याकडे मुंजीत बटूच्या हाती भिक्षेची झोळी देतात त्यामागील हेतूही ह्याहून फार दूरचा नसावा. आज आपण त्या झोळीत नोटांची पाकिटे टाकतो, ही गोष्ट निराळी.

दीक्षेच्या पायऱ्या तीन: उमेदवार, सहकारी आणि उस्ताद. तिसऱ्या पायरीत यरुशलेम येथील सुलेमान राजाच्या मंदिराच्या प्रमुख कारागिराची कथा नाट्यरूपाने घडवितात. उस्तादाचा गुप्त शब्द न सांगितल्याबद्दल हिराम नावाच्या त्या कारागिराचा तिघे सोबती खून करतात. दीक्षा घेणाऱ्याने त्याची भूमिका करावयाची, मरून पडावयाचे आणि पुन्हा उठविले जावयाचे. लॉजचा प्रमुख गळ्यात गुण्या घालतो, त्याच्या खालचे दोन अधिकारी अनुक्रमे पाणसळ व ओळंबा. गुण्या सचोटी शिकवितो, ओळंबा सरळपणा. आणि पाणसळ सांगते, की लॉजच्या फरशीवर राजा व कारकून एका पातळीवर आहेत. नवा सभासद घेताना गुप्त मतदान होते: पांढरी गोटी अनुकूल, काळी प्रतिकूल. मोजक्या काळ्या गोट्या, काही ठिकाणी तर एकच, एखाद्याचा प्रवेश अडविण्यास पुरेशी होते. ही काळी गोटी कृपा करून ध्यानात ठेवावी.

हा धर्म आहे काय? फ्रीमेसन मंडळी म्हणतात, नाही. त्यांच्यात पुरोहित नाही, मोक्षाचा मार्ग सांगितलेला नाही, अवतार किंवा प्रेषित नाही. परंतु परमेश्वराचे अस्तित्व मान्य केल्यावाचून प्रवेश नाही. त्या परमेश्वराला ते ‘विश्वाचा महान शिल्पी’ म्हणतात, आणि सभा चालू असता धर्मग्रंथ उघडा ठेवलेला असतो. प्रार्थना आहे, शपथ आहे, मृत्यूचे स्मरण आहे. मग धर्माला आणखी काय लागते, असे कोणी म्हटल्यास त्याला मी दोष देणार नाही. रोमच्या पोपने 1738 मध्येच कॅथलिकांना ह्या संस्थेत जाण्यास मनाई केली आणि 1983 साली व्हॅटिकनने ती पुन्हा कायम केली. उलट 1877 साली फ्रान्समधील प्रमुख शाखेने ईश्वरविश्वासाची अट काढून टाकली, तेव्हा इंग्रज शाखेने तिच्याशी संबंध तोडला. एका बाजूस फार मोकळे म्हणून निषेध आणि दुसऱ्या बाजूस पुरेसे मोकळे नाही म्हणून फाटाफूट, अशा पेचात ही संस्था सापडली. स्त्रियांना मूळ संस्थेत आजही प्रवेश नाही. ॲनी बेझंट बाईंना 1902 साली दीक्षा मिळाली ती स्त्रीपुरुषांच्या निराळ्या शाखेत. इतक्या समतेच्या गोष्टी बोलणाऱ्यांना अर्धी मानवजात दाराबाहेर ठेवताना संकोच वाटला नाही, ह्याचे आपल्या महिला मंडळाला आश्चर्य वाटणार नाही, अशी माझी समजूत आहे.

हिंदुस्थानात ही संस्था ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांबरोबर आली. 1730 च्या सुमारास कलकत्त्यास पहिले लॉज निघाले, पुढे मद्रास व मुंबई येथेही निघाली. आणि लगेच कसोटीचा प्रश्न आला: पाणसळ काळ्या माणसालाही लागू आहे काय? मुंबईचे पारशी गृहस्थ माणेकजी करसेटजी ह्यांना येथील गोऱ्या लॉजने दार उघडले नाही. त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. अखेर 1843 मध्ये डॉ. जेम्स बर्न्स ह्या स्कॉटिश अधिकाऱ्याच्या पुढाकाराने मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज एतद्देशीयांसाठी निघाले. पारशी आणि मुसलमान एकेश्वरवादी म्हणून तेथे आले; हिंदूंची वाट बिकट होती. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त ह्यांचा अर्ज 1863 पासून अडविला गेला. आक्षेप हा, की हिंदू अनेक देव मानतो, तेव्हा त्याला शपथ कोणाची घालावी? आणि जो जातिभेद पाळतो तो बंधुत्व काय पाळणार? 1872 साली त्यांना दीक्षा मिळाली. त्याच कलकत्त्यात 1884 मध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाच्या तरुणाने दीक्षा घेतली. तेच पुढे स्वामी विवेकानंद म्हणून जगाला ठाऊक झाले. स्वातंत्र्यानंतर 24 नोव्हेंबर 1961 रोजी भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाली. आपल्या देशातील लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता आणि ग्रंथसाहेब एकाच पीठावर ठेवता येतात.

दत्तांच्या अर्जावरील पहिला आक्षेप अज्ञानाचा होता. दुसरा मात्र आपल्याला झोंबतो, कारण तो निखालस खोटा नव्हता. आणि तो आपल्याच काही तरुणांना साहेबाच्याही आधी झोंबला होता.

रायझिंग स्टार निघाल्यावर सहाच वर्षांनी, 1849 साली, त्याच मुंबईत परमहंस मंडळी स्थापन झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिचे प्रेरक, राम बाळकृष्ण जयकर हे अध्यक्ष. दादोबा म्हणजे मराठी व्याकरणाचे पाणिनी. ईश्वर एक, मनुष्यजात एक, ही मंडळींची तत्त्वे होती. सभा गुप्त भरत, प्रार्थना होत. नव्या सभासदाने जातिभेद न पाळण्याची प्रतिज्ञा घ्यावयाची आणि ख्रिस्ती भटारखान्यातील पावाचा तुकडा सर्वांसमक्ष खावयाचा. आज आपण चहाबरोबर पाव खातो, म्हणून ह्याचे हसू येईल. त्या काळी त्या तुकड्याने माणूस घरातून, पंगतीतून आणि मुलीच्या सोयरिकीतून उठत असे. फ्रीमेसनचे अनुकरण ह्या मंडळींनी केले असे माझे म्हणणे नाही. गरज सारखी होती म्हणून रूपही सारखे झाले: उजेडात जे बंधुत्व पाळता येत नाही ते दार लावून पाळावयाचे.

सभासद हजार झाले की उघडपणे बाहेर पडावयाचे, असा त्यांचा बेत होता. ते हजार कधी झालेच नाहीत. 1860 च्या सुमारास मंडळींचे कागद कोणी चोरले, सभासदांची नावे बाहेर फुटली, आणि मंडळी विरून गेली. त्यांच्या भित्रेपणाला हसणे सोपे आहे. मी हसत नाही. त्यानंतर तीस वर्षांनी, 1890 मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतलेल्यांची यादी गोपाळराव जोशी ह्यांनी ‘पुणे वैभव’ पत्रात छापविली, तेव्हा न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक ह्यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रकरणातून जावे लागले. चहाची ही गत. मग पावाचे काय बोलावे?

तरी त्या दाराआडून काहीच बाहेर आले नाही असे नव्हे. मंडळींतील तुकाराम तात्या पडवळ ह्यांनी 1861 साली ‘जातिभेद विवेकसार’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यावर लेखकाचे नाव नव्हते, ‘एक हिंदू’ एवढेच होते. त्याची दुसरी आवृत्ती 1865 साली जोतीराव फुले ह्यांनी काढली. दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग ह्यांच्या पुढाकाराने 1867 साली प्रार्थनासमाज निघाला, तो उघड. 1873 साली सत्यशोधक समाज निघाला, तोही उघड. त्याच्या दारापाशी तलवार नव्हती आणि पावाचा तुकडाही नव्हता.

आता त्या सद्गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर. आपण ज्या गावी जमलो आहोत त्या गावाने गुप्त विद्येचे काय करावे ह्याचा निर्णय सातशे वर्षांपूर्वी दिलेला आहे. नाथपंथाचा उपदेश गुरूने शिष्याच्या कानात सांगावयाचा. गोरक्षनाथांकडून गहिनीनाथांस, गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांस, असा तो आला. निवृत्तिनाथांच्या धाकट्या भावाने शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, येथे प्रवरेच्या काठी गीतेचा अर्थ मराठीत, श्रोत्यांच्या सभेत, मोठ्याने सांगितला; सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. ज्या खांबाला टेकून तो सांगितला असे आपण मानतो तो पैस खांब आपण आज सकाळी पाहिला. सुलेमानाच्या मंदिराचे दोन खांब प्रत्येक लॉजमध्ये प्रतीकरूपाने असतात आणि त्यांचा अर्थ दीक्षितालाच सांगतात. आपला खांब एकच आहे. त्याचा अर्थ मात्र नांगर धरणाऱ्यालाही ठाऊक आहे. आणि हे सांगणारी भावंडे कोण? संन्याशाची पोरे म्हणून ज्ञातीने ज्यांना पंगतीस घेतले नाही ती.

बंधुभगिनींनो, आपल्या संस्थेत डोळे बांधत नाहीत आणि शपथही घालीत नाहीत. आपले सभासदत्व जन्माने मिळते, म्हणून आपल्याला वाटते की आपल्याकडे काळी गोटी नाही. परंतु ज्ञातीबाहेर विवाह केलेल्या मुलीचे नाव कुटुंबनोंदीच्या पुढच्या आवृत्तीत छापले जात नाही, आणि तिच्या मुलांचे अर्ज शिष्यवृत्ती समितीपुढे येतच नाहीत. हा नियम घटनेत कोठेही लिहिलेला नाही. मी घटना दोनदा वाचली. मग ही नावे कोण गाळते? ज्यावर कोणाची सही नाही असा हा निर्णय दर वर्षी होतो. फ्रीमेसनच्या लॉजमध्ये निदान गोट्या मोजतात.

ही नावे परत घ्यावीत असा ठराव उद्या सकाळी नऊ वाजता साधारण सभेपुढे येणार आहे. त्याला विरोध करणाऱ्यांत माझे काही जिवलग स्नेही आहेत. ज्ञातिसंस्था ज्ञातीची राहिली नाही तर गरीब विद्यार्थ्याला विचारणार कोण, ही त्यांची काळजी खोटी नाही. तिला उत्तर ठरावाच्या पुरस्कर्त्यांनी आकडे देऊन दिले पाहिजे. मी मतदानाच्या पद्धतीविषयी एवढीच लेखी सूचना चिटणिसांकडे दिली आहे, की चिठ्ठ्या टाकू नयेत. हात वर करून मते घ्यावीत आणि अनुकूल व प्रतिकूल अशी दोन्ही बाजूंची नावे पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापावीत.