पुत्र, पौत्र आणि सेवक : गॅलिक आडनांवांचा वारसा

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या दिवसांत आपण धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या उघडून पूर्वजांचीं नांवें वाचीत आहोंत. अशा वेळीं नांव म्हणजे काय, हा प्रश्न सहजच मनांत येतो. त्याच्या उत्तरासाठीं आम्ही आपणांस आयर्लंड व स्कॉटलंड या देशांत नेऊं इच्छितों. तेथील गॅलिक आडनांवांच्या आरंभीं जे लहान लहान शब्द येतात, त्यांत एका भाविक लोकसमाजाचा इतिहास सांठलेला आहे.

'मॅक' म्हणजे पुत्र. 'ओ' म्हणजे पौत्र, आणि त्यावरून वंशज. ओब्रायन हें घराणें राजा ब्रायन बोरू याचें. हा राजा १०१४ सालीं गुड फ्रायडेच्या दिवशीं क्लॉन्टार्फच्या लढाईंत मारला गेला. 'ओ' हा इंग्रजी 'ऑफ'चा संक्षेप आहे, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नव्हे. तसेंच 'मॅक' पुरा लिहिला तर स्कॉटिश आणि आंखडून लिहिला तर आयरिश, ही समजूतही निराधार आहे. शब्द एकच आहे. कन्येसाठीं मात्र शब्द निराळे. 'ओ' कुळांतील मुलगी 'नी' लावते, 'मॅक' कुळांतील मुलगी 'निक' लावते; कारण मुलीला पुत्र कसें म्हणावें? इंग्रजी दफ्तरांत हा विवेक राहिला नाहीं.

परंतु खरें धन पुढेंच आहे. संत पॅट्रिकचें नांव जसेंच्या तसें आपल्या बाळास देणें जुन्या गॅलिक लोकांस धाष्टर्याचें वाटे. म्हणून ते त्यास 'गिला पॅट्रिक', म्हणजे पॅट्रिकचा सेवक, असें म्हणत. या सेवकाचे वंशज आज फिट्झपॅट्रिक म्हणवितात. 'फिट्झ' हा नॉर्मन लोकांचा पुत्रवाचक शब्द मूळच्या 'मॅक'च्या जागीं मागाहून आला. गिलख्रिस्ट म्हणजे ख्रिस्ताचा सेवक, गिलीस म्हणजे येशूचा सेवक, आणि मॅकब्राइड म्हणजे संत ब्रिजिटच्या सेवकाचा पुत्र. दुसरा शब्द 'मेल', म्हणजे मुंडन केलेला. संन्याशाच्या मुंडनावरून त्याला भक्त असा अर्थ आला. माल्कम हें नांव म्हणजे ५६३ सालीं आयोना बेटावर मठ स्थापणाऱ्या संत कोलंबाचा भक्त. मलोन हें घराणें संत योहानाच्या भक्ताचें.

मॅक्टॅगार्ट म्हणजे पुरोहिताचा पुत्र आणि मॅक्नॅब म्हणजे मठाधिपतीचा पुत्र, हें ऐकून कोणी गालांत हसेल. त्या काळीं तेथें पुरोहितांच्या ब्रह्मचर्याचा नियम सर्वत्र पाळला जात नव्हता, आणि कित्येक मठांची सत्ता बापाकडून मुलाकडे जात असे. नांवें खरें सांगतात; तें झांकण्याचें आपणांस प्रयोजन नाहीं.

या नांवांवर संकटेंही आलीं. १४६५ सालीं डब्लिनच्या आसपासच्या इंग्रजी अमलाखालील मुलुखांत आयरिश लोकांनीं गांव, रंग किंवा धंदा यांवरून इंग्रजी आडनांवें घ्यावींत, असा कायदा झाला. स्कॉटलंडांत १६०३ सालीं मॅक्ग्रेगर हें नांव उच्चारण्याचीच बंदी झाली. ती कायमची उठण्यास १७७४ साल उजाडलें. पुढें दंडविधानाच्या काळांत आयरिश कॅथॉलिकांची जमीन गेली, अधिकार गेले, शाळा गेल्या. पोटाच्या चिंतेनें कित्येकांनीं 'ओ' व 'मॅक' गाळले. ओसुलिव्हनचा सुलिव्हन झाला, ओकेलीचा केली झाला. या लोकांस भित्रे म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं. ज्यांनीं नांवांतील एक अक्षर सोडलें, त्यांतील बहुतेकांनीं मिस्सा सोडली नाहीं. ती त्यांनीं रानांतल्या खडकांवर ऐकिली.

डॅनियल ओकॉनेल यांच्या झुंजीनंतर १८२९ सालीं कॅथॉलिकांस पार्लमेंटाचीं दारें उघडलीं, आणि १८९३ सालीं गॅलिक भाषेच्या उद्धारासाठीं संघ निघाला. तेव्हां पुष्कळ घराण्यांनीं गळालेला शब्द पुन्हा लावला. पण कांहींस मूळचा शब्द कोणता, हेंच आठवेना. गॉर्मन हें कुळ मूळचें 'मॅक'चें, परंतु त्यांतील अनेकांनीं 'ओ' लावला. आजोबांस विचारलें नाहीं, तर नातवास विचारावयास कोणी उरत नाहीं.

बंधुभगिनींनो, आपल्या वसई-गोव्याकडील रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा पुत्र आणि फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा पुत्र. तो रॉड्रिगो आपला रक्ताचा पूर्वज नव्हे. पोर्तुगीज अमलांत बाप्तिस्म्याबरोबर हीं नांवें आपल्या घरांत आलीं. कांहीं घरांत त्यांच्याआड जुनें कुळनांव अद्याप वृद्धांच्या मुखीं आहे. या दोहोंपैकीं एकाचीही लाज धरण्याचें कारण नाहीं. आमची विनंति इतकीच कीं, या महोत्सवाच्या वर्षीं प्रत्येक कुटुंबानें वडीलधाऱ्यांजवळ बसून आपल्या घराण्याचीं नांवें विचारावीं आणि लिहून ठेवावीं.

गॅलिक मनुष्य आपलें नांव सांगतांना मी अमक्याचा पुत्र, अमक्याचा पौत्र, अमक्या संताचा सेवक, असें सांगे. आपल्या मुलांनाही आपण कोणाचे आहोंत हें सांगतां यावें, हीच प्रभुचरणीं आमची प्रार्थना.