पळवणकर बंधूंना मानवंदना
(वस्तीतील स्मृती-सामन्याच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



आजचा क्रिकेट सामना आपण बाळू पळवणकर व त्यांच्या बंधूंच्या स्मरणार्थ खेळत आहोत. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यावर बाळू खेळपट्टी राखत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत. त्यातूनच थोर डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती. चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधार म्हणून त्यांची निवड कधी झाली नाही. तो मान १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांनी मिळवला व संघाला विजयी केले.

१९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. मग आपण त्यांचा गौरव का करावा, असे काहीजण विचारतात. आम्ही म्हणतो, तो मतभेद मतपेटीत मिटला. मैदानावरचा अपमान मात्र त्यांनी आपल्या सर्वांच्या वतीने सोसला.

आज दोन्ही संघ एकाच पंगतीत, एकाच किटलीतला चहा घेतील. हीच खरी मानवंदना.

जय भीम!