लेण्यांतले यवन
(वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिकंदराचं सैन्य इ.स.पूर्व 326 मध्ये बियास नदीवरून माघारी फिरलं. महाराष्ट्रात ते कधी आलंच नाही. तरी ग्रीकांच्या, म्हणजे यवनांच्या, खुणा आपल्याकडे आहेत. त्या लढाईच्या नाहीत, दानाच्या आहेत.

कार्ल्याला एकवीरेच्या पायऱ्या आपल्या मानपाड्यातले कितीतरी लोक चढतात. पण शेजारच्या चैत्यगृहातले खांब कोण वाचतो? धेनुकाकटाच्या सिहधय नावाच्या यवनाने खांब दिला, असं तिथे ब्राह्मी अक्षरांत कोरलंय. असे यवन दाते तिथे बरेच आहेत. जुन्नरला इरिल यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी दिली, चिट यवनाने संघाला भोजनमंडप दिला. नाशिकचं 17 नंबरचं लेणं उत्तरेकडच्या इंद्राग्निदत्त यवनाचं. त्याच्या बापाचं नाव काय, तर धम्मदेव!

हे सगळे अस्सल ग्रीक की पश्चिमेकडचे आणखी कुणी, यावर पंडितांचा वाद आहे. तो खुशाल चालू द्या. महावंसात मात्र लिहिलंय की अशोकाच्या काळी अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, धम्म सांगायला जे थेर आले ते योनक धम्मरक्खित. म्हणजे यवनच.

आता आमची एक विनंती. कार्ल्याला जाल तेव्हा मुलांना खांबावरचा 'यवनस' हा शब्द शोधायला लावा. आणि शेजारी कुणी खिळ्याने स्वतःचं नाव कोरत असेल, तर त्याचा हात तिथेच धरा.