तार कोणत्या धातूची?



माजिवड्याच्या जुन्या गावठाणाशेजारी आज उंच इमारती उभ्या आहेत. एखाद्या जुन्या घरात दिव्यापंख्यापुरती ओढलेली तार तशीच ठेवून तिच्यावर गिझर जोडला, की धोका सुरू होतो; कारण प्रवाह दुप्पट झाला तर तारेतील उष्णता चौपट होते.

ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे 61 टक्के. म्हणून तांब्याच्या 2.5 चौरस मिलिमीटर तारेच्या जागी ॲल्युमिनियमची 4 चौरस मिलिमीटरची तार हवी. एवढी जाड घेऊनही तिचे वजन तांब्याच्या निम्मेच भरते. खांबांवरील वाहिन्यांसाठी ॲल्युमिनियम निवडतात ते याचमुळे. तेव्हा या धातूला सरसकट नावे ठेवणे योग्य नव्हे.

खरी गोम सांध्यात आहे. ॲल्युमिनियमवर हवेने ऑक्साइडचा थर चढतो आणि तो वीज वाहू देत नाही. तांब्याशी नुसता पीळ देऊन जोडल्यास पावसाळी ओलीने ॲल्युमिनियम झिजते, सांधा सैल होऊन तापतो. दोन्ही धातूंसाठी बनवलेला जोडच तेथे वापरला पाहिजे.

दाब कमी असला म्हणजे तार बारीक चालते, हा समज तर उलटाच आहे. 100 वॅटला 230 व्होल्टवर अर्धा अँपिअरही लागत नाही. 12 व्होल्टच्या सौर संचात मात्र 8 अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो. शाळेत असा संच बसविताना बॅटरीपासून दिव्यापर्यंतची तार आखूड आणि जाडच घ्यावी लागते.