शेवटचे दोन सेकंद



मुष्टियुद्धाची एक फेरी तीन मिनिटांची असते आणि जगज्जेतेपदाची लढत बारा फेऱ्यांची. मधली विश्रांति वगळली तर प्रत्यक्ष झुंजीचीं मिनिटें ३६ होतात, म्हणजेच २१६० सेकंद. १७ मार्च १९९० रोजीं अमेरिकेंतील लास व्हेगास येथें अशी एक लढत पंचानें २१५८ व्या सेकंदास थांबविली. उरलेले दोन सेकंद निघून जाते, तर जो गुणांवर जिंकला असता तो हरला. आणि जो हरला असता त्याच्या नांवावर विजय लिहिला गेला.

त्या विजेत्याचें नांव हूलिओ सेसार चावेस. मेक्सिको देशानें ज्या मुष्टियोद्ध्यांना डोक्यावर घेतलें, त्यांत याचें स्थान फार वरचें. त्याच्या उत्कर्षाची हकीकत आज मला सांगावयाची आहे. परंतु ते दोन सेकंद वगळून ती सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

चावेसचा जन्म १२ जुलै १९६२ रोजीं सोनोरा प्रांतांतील स्यूदाद ओब्रेगोन येथें झाला व तो वाढला शेजारच्या सिनालोआ प्रांतांतील कुलिआकान शहरांत. वडील रेल्वेंत कामास होते. कुटुंब मोठें, मिळकत तुटपुंजी, आणि राहावयास घर म्हणून रेल्वेचा टाकून दिलेला एक डबा. आई लोकांचे कपडे धुवी व त्यांना इस्त्री करी. तिचे ते कष्ट पाहून, एक दिवस मी तुला घर घेऊन देईन, असें वचन आपण तिला दिलें होतें, हें त्यानेंच पुढें सांगितलें आहे. ज्याला आपण खेळ म्हणतों, तो या मुलाच्या दृष्टीनें खेळ नव्हता. डब्यांतून घरांत जाण्याची ती वाट होती. ५ फेब्रुवारी १९८० रोजीं, वयाच्या १७ व्या वर्षीं, तो पैशासाठीं पहिल्यानें लढला.

या वाटेवर आरंभींच एक प्रसंग घडला. मार्च १९८१ मध्यें मिगेल रुईस याच्याशीं कुलिआकान येथें त्याची लढत चालली होती. पहिली फेरी संपल्याची घंटा होत असतांनाच चावेसचा ठोसा बसला आणि रुईस कोसळला. पंचानें चावेसला बाद ठरवून रुईसला विजयी केलें. पण दुसऱ्या दिवशीं चावेसच्या व्यवस्थापकानें मुष्टियुद्ध मंडळाकडे दाद मागितली आणि निर्णय फिरला. पुढें ज्या अजिंक्यपणाच्या माळेचें जगानें कौतुक केलें, तिच्यांतील हा एक मणी अशा रीतीनें ओंवलेला आहे.

असें असलें तरी त्याचे बाकीचे विजय कोणाच्या कृपेचे नव्हते. प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यामागें तो धांवत नसे. पावलापावलानें पुढें सरकून त्यास दोरांकडे रेटावयाचें, आणि डाव्या हाताचे ठोसे बरगड्यांखालीं, यकृताच्या जागीं हाणावयाचे, ही त्याची रीत. अशा ठोशांनीं मनुष्य तत्काळ पडतोच असें नाहीं. पण त्याचा श्वास तुटतो, पाय जड होतात आणि डोक्याचें रक्षण करणारे हात आपोआप खालीं येतात. भिंतीला ओल लागावी तसें हें काम. वरचा रंग शाबूत दिसतो, आंत चुना सुटत चाललेला असतो.

१३ सप्टेंबर १९८४ रोजीं लॉस एंजेलिस येथें आपलाच देशबांधव मारिओ मार्तीनेस यास आठव्या फेरींत हतबल करून त्यानें १३० पौंडांच्या वजनगटाचें जगज्जेतेपद मिळविलें. त्या वेळीं त्याचें वय २२ वर्षांचें होतें. नोव्हेंबर १९८७ मध्यें पोर्तो रिकोच्या एडविन रोसारिओला अकराव्या फेरींत नमवून १३५ पौंडांचें पद त्यानें घेतलें. मे १९८९ मध्यें रॉजर मेवेदर हा दहाव्या फेरीनंतर आपल्या आसनावरून उठलाच नाहीं, आणि १४० पौंडांचें तिसरें पद चावेसकडे आलें.

या खेळांत जगज्जेतेपद देणाऱ्या संस्था एकाहून अधिक असल्यामुळें एकाच वजनगटांत दोन जगज्जेते असूं शकतात. १४० पौंडांचा तसा दुसरा जगज्जेता होता फिलाडेल्फियाचा मेल्ड्रिक टेलर. १९८४ च्या ऑलिंपिकमध्यें अवघ्या १७ व्या वर्षीं सुवर्णपदक मिळविलेला हा तरुण हातांचा विलक्षण चपळ होता. दोघेही तोंवर अपराजित.

त्या रात्रीं टेलरनें चावेसला चकित केलें. चावेसचा एक ठोसा बसावा, तोंच टेलरचे तीन-चार बसलेले असत. अकरा फेऱ्यांअखेर तीनपैकीं दोन परीक्षकांच्या मतें टेलर १०७-१०२ व १०८-१०१ असा पुढें होता. परंतु संख्या टेलरची आणि वजन चावेसचें, असा तो हिशेब होता. टेलरचा चेहरा सुजला होता आणि स्वतःचेंच रक्त तो गिळीत होता. बाराव्या फेरीच्या अगदीं शेवटीं चावेसचा उजवा हात बसला व टेलर खालीं गेला. तो सहाव्या अंकास उठला. पंच रिचर्ड स्टील यांनीं आठपर्यंत मोजून, तूं ठीक आहेस काय, असें त्यास दोनदां विचारलें. टेलरचें लक्ष आपल्या कोपऱ्याकडे गेलें होतें. तेथून त्याचा मार्गदर्शक वर चढत होता. उत्तर आलें नाहीं. स्टील यांनीं हात हालवून लढत थांबविली.

वाद अद्याप मिटलेला नाहीं. दोन सेकंदांत चावेसला दुसरा ठोसा मारतांच आला नसता, असें एक पक्ष म्हणतो. आणि तें खरें आहे. स्टील यांचें म्हणणें असें कीं, आपण घड्याळाचे राखणदार नव्हतों, समोरच्या माणसाचे होतों. मला स्वतःला पंचाचें म्हणणें पटतें. पण तें पटलें म्हणून टेलरचें नुकसान लहान होत नाहीं. त्याच्या चेहऱ्याचें हाड मोडलें होतें. पुढें जानेवारी १९९१ मध्यें त्यानें वरच्या वजनगटाचें जगज्जेतेपद मिळविलें खरें, पण पूर्वीचा टेलर पुन्हा दिसला नाहीं. कालांतरानें त्याची वाणीही जड झाली.

चावेसचा उत्कर्ष मात्र चढतच गेला. २० फेब्रुवारी १९९३ रोजीं मेक्सिको शहराच्या आस्तेका क्रीडांगणांत ग्रेग हॉगनशीं त्याची लढत पाहण्यास १,३२,००० हून अधिक लोक लोटले. चावेसनें आजवर टॅक्सी हांकणाऱ्यांनाच हरविलें आहे, अशी थट्टा हॉगननें केली होती. पांचव्या फेरींत पराभूत झाल्यावर, ते टॅक्सीवाले भलतेच दणकट असले पाहिजेत, असें त्यानेंच हंसत कबूल केलें! त्याच वर्षीं सप्टेंबरांत पर्नेल व्हिटेकरशीं झालेली लढत बरोबरींत सुटली. चावेस तेथें हरला असेंच पुष्कळ जाणकारांना वाटलें. २९ जानेवारी १९९४ रोजीं फ्रँकी रँडलनें त्यास प्रथमच खालीं पाडलें आणि हरविलें. २००५ मध्यें तो थांबला, तेव्हां नोंद होती १०७ विजय, ६ पराभव व २ बरोबरी.

या आंकड्यांत रुईसची घंटा दिसत नाहीं, टेलरचे दोन सेकंदही दिसत नाहींत. आंकडे फक्त शेवट लिहून ठेवतात.

चावेसला मद्य आणि कोकेन यांच्या व्यसनानें ग्रासलें होतें, हें त्यानें उघडपणें सांगितलें आहे. उपचारांनीं तो त्यांतून सुटला आणि इतरांसाठीं त्यानें व्यसनमुक्तीचीं केंद्रें चालविलीं. ज्याला रिंगणांत फार थोड्यांना रोखतां आलें, त्यालाही कधींतरी कोणीतरी थांबवावें लागलें. १९९० च्या त्या रात्रीं टेलरला "आतां पुरे" असें सांगणारा मनुष्य दोन सेकंद लवकर आला, असें लोक म्हणतात. टेलरचें पुढील आयुष्य पाहिलें म्हणजे मला वाटतें, तो कांहीं फेऱ्या उशिरां आला.