अंथरुणाशेजारचा हिशेब



मोटार अपघात दाव्यांचे काम करणाऱ्या वकिलांच्या या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. अध्यक्षाने वर्षभराच्या निकालांचा आढावा घ्यावा अशी आपल्याकडे प्रथा आहे. ते काम दुपारच्या सत्रात माझ्यापेक्षा अभ्यासू मंडळी करणार आहेत. मी एकाच प्रकारच्या अर्जदाराबद्दल बोलणार आहे.

2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली आणि 4,43,366 जखमी झाली. जखमींच्या या आकड्यात पाय मुरगळलेला माणूस आहे, तसाच मानेखाली कायमचा लुळा पडलेलाही आहे. मी या दुसऱ्याबद्दल बोलते आहे. मज्जारज्जू तुटलेला, डोक्याला मार लागून भान हरपलेला, दोन्ही पाय मांडीपासून गेलेला. अशा माणसाचा दावा आपण कसा लिहितो? मृत्यूच्या दाव्याचा जुना नमुना काढतो, ‘मयत’ खोडून ‘जखमी’ करतो, उत्पन्न लिहितो, अपंगत्वाची टक्केवारी लिहितो, दवाखान्याची बिले जोडतो आणि ‘वेदना व यातना’ या सदरात एक ठोक रक्कम टाकतो. माझे म्हणणे असे, की या अर्जातून त्या माणसाचे पुढचे सगळे आयुष्य गळलेले असते. आणि त्याच्याबरोबर त्या आयुष्याला खांदा देणारी घरातली बाईही गळलेली असते.

एक घर डोळ्यांपुढे आणा. माझ्या पक्षकारांपैकी एकाचे आहे, नाव-गाव सांगत नाही. गवंडीकाम करणारा तिशीचा तरुण. ट्रकची धडक बसून छातीखालचे सगळे गेले. शस्त्रक्रिया झाली, घरी आला. पत्र्याच्या खोलीत लोखंडी कॉट, त्यावर हवेची गादी, कॉटखाली लघवीची पिशवी. त्याला छातीखाली काही जाणवत नाही. आपण झोपेत आपोआप कूस बदलतो, कारण अंग दुखते. याचे अंग दुखतच नाही, म्हणून त्याला दर दोन तासांनी कोणीतरी कुशीवर वळवावे लागते. रात्री बाराला, दोनला, चारला. एक पाळी चुकली की माकडहाडावर कातडी लाल होते, मग काळी पडते, मग जखम हाडापर्यंत जाते. हे वळवण्याचे काम त्याची बायको करते. लघवीची नळी ती बदलते, हात साबणाने धुऊन, डॉक्टरांनी शिकवले तसे. त्यात हयगय झाली तर जंतुसंसर्ग होतो, ताप चढतो, पुढे मूत्रपिंडावर जाते. शौच काढणे, अंघोळ, पाय आखडू नयेत म्हणून रोजचा व्यायाम, सगळे तिच्याकडे. अपघातापूर्वी ती रोजाने भांगलणीला जायची. तो रोज बुडाला. तिची झोपही गेली.

तिने हे काम केले नाही तर ते पगारी माणसाला द्यावे लागेल. मग अर्जात ते का नसते?

आपल्यापैकी बरेच जण म्हणतील, ‘मदतनीसाचा खर्च’ आम्ही मागतो. मागतो, पण दवाखान्यात होता तेवढ्या दिवसांचा. निवाड्यात मग पंचवीस हजार, पन्नास हजार अशी ठोक रक्कम येते आणि आपण त्यावर समाधान मानतो. आता हिशेब करून बघा. आमच्या या गवंड्याचे महिन्याचे उत्पन्न 20,000 धरले. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे स्वतःच्या हिमतीवर कमावणारा आणि चाळिशीच्या आतला, म्हणून भावी वाढीचे 40 टक्के मिळवले, झाले 28,000. वर्षाचे 3,36,000. सरला वर्मा निकालाप्रमाणे सव्वीस ते तीस वयाला गुणक 17. कमाई पूर्ण बुडाली हे सिद्ध झाले तर 57,12,000. जखमी माणूस जिवंत आहे, त्याला खायला-प्यायला लागते, म्हणून इथे वैयक्तिक खर्चाची वजावट नाही. हे गणित आपल्या सर्वांना पाठ आहे. आता त्याच गुणकाने मदतनीसाचा हिशेब करा. महिना 12,000, गुणिले बारा, गुणिले सतरा. 24,48,000 होतात. अर्जात एक परिच्छेद लिहिला नाही, साक्षीत तीन प्रश्न विचारले नाहीत, म्हणून साडेचोवीस लाख त्या घराच्या हातून जातात.

ही माझी कल्पना नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बारा वर्षांच्या वयात अपघाताने पूर्ण परावलंबी झालेल्या एका मुलीच्या प्रकरणात स्वच्छ सांगितले, की मदतनीसाचा खर्चही गुणक लावूनच काढला पाहिजे. दोन मदतनीसांचे मिळून महिना 5,000 धरले, बाराने आणि मग 18 ने गुणले आणि या एकाच सदरात 10,80,000 दिले. 5,000 हा दर मला तुटपुंजा वाटतो, आणि आपण तो वाढवून मागितला पाहिजे. पण तत्त्व पक्के झालेले आहे. त्यानंतर जानेवारी 2021 मध्ये त्याच न्यायालयाने कीर्ती प्रकरणात गृहिणीच्या घरातल्या श्रमांना मोल आहे हे पुन्हा ठासून सांगितले. घरातली बाई अपघातात गेली तर तिच्या श्रमांची किंमत आपण काढतो. ती जिवंत आहे, रात्रभर जागून अपघातग्रस्ताला जगवते आहे, तेव्हा तिच्या श्रमांची किंमत शून्य कशी धरायची? ‘बायकोच करते, तिला कुठे पैसे द्यावे लागतात’ हा विमा कंपनीच्या वकिलाचा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. त्याला उत्तर देण्याचे काम आपले आहे.

ते उत्तर पुराव्याने द्यावे लागते आणि हा पुरावा घरात असतो. त्यासाठी वकिलाने एकदा तरी पक्षकाराच्या घरी गेले पाहिजे. दाराची रुंदी मोजा, चाकाची खुर्ची आत जाते का पाहा. संडासाच्या पायऱ्यांचा फोटो काढा. औषधांच्या दुकानातून पॅड, हातमोजे, नळ्या येतात, त्यांची पक्की बिले घ्यायला पहिल्या भेटीत सांगा. ते दुकानदार मागितल्याशिवाय देत नाहीत आणि साध्या चिठोऱ्यावर उलटतपासात काही टिकत नाही. तिला एक वही द्या, रोज काय केले ते तिने चार ओळींत लिहू दे. आणि तिला साक्षीला उभी करा. अर्जदाराची साक्ष झाली की आपण पुरावा संपल्याची पुरसीस देऊन मोकळे होतो. ती बाई कोर्टाच्या बाहेर बाकावर बसलेली असते, आणि तिला जे माहीत आहे ते आत कोणालाच माहीत नसते.

दुसरी गोष्ट डॉक्टरांच्या साक्षीची. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालाने शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे नुकसान या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे शिकवले. डावा हात गेलेला कारकून पुन्हा टेबलावर बसू शकतो, त्याच हाताविना सुताराचा धंदा बसतो. तरीही आपण सिव्हिल हॉस्पिटलचा टक्केवारीचा दाखला दाखल करतो आणि डॉक्टरांना फक्त तो ओळखायला बोलावतो. उलटतपासात एकच प्रश्न येतो: “डॉक्टर, हा इसम बसून काम करू शकतो ना?” डॉक्टर प्रामाणिकपणे “हो” म्हणतात. त्या एका “हो”ने निम्मा दावा जातो. फेरतपासणीत विचारा, की किती वेळ बसू शकतो? बसल्याने जखमा होतात का? मधूनमधून नळी कोण घालणार? गावात सहावी शिकलेल्या गवंड्याला बसून करायचे कोणते काम मिळते? शेवटचा प्रश्न डॉक्टरांसाठी नाही, तो ग्रामसेवकाला किंवा ठेकेदाराला विचारायचा. पण विचारायचा. इथे बसलेल्या डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे, की दाखल्यावर टक्क्यांच्या खाली दोन ओळी जास्त लिहा. माणसाला आयुष्यभर काय लागणार आणि अंदाजे किती खर्चाने लागणार, ते लिहा. कृत्रिम पाय एकदा बसवला की जन्माचा होत नाही, दर काही वर्षांनी बदलावा लागतो. हे तुम्हाला माहीत आहे, न्यायाधीशांच्या कागदावर ते आले पाहिजे.

कारण ही संधी एकदाच मिळते. नागप्पा प्रकरणात 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की निवाडा झाल्यावर पुढच्या उपचारांसाठी दावा पुन्हा उघडता येत नाही, म्हणून भावी खर्च त्याच निवाड्यात धरावा. त्याच निकालाने हेही सांगितले, की अर्जात मागितले त्यापेक्षा जास्त, पण न्याय्य भरपाई दावा प्राधिकरण देऊ शकते. लोकअदालतीच्या तडजोडीबद्दल मी सावध आहे ती दावा पुन्हा उघडता येत नाही म्हणूनच. हाड मोडल्याच्या दाव्यात तडजोड चांगली, पैसे लवकर हातात पडतात. पण अपघाताला जेमतेम वर्ष झालेले, घर कर्जात बुडालेले, आणि समोर बारा लाखांचा आकडा. अशा वेळी मज्जारज्जूच्या रुग्णाने सही केली तर त्या निवाड्यावर अपील नाही. पुढची तीस वर्षे त्या बारा लाखांत काढायची. वकिलाने त्या वेळी पक्षकाराला थांबवले पाहिजे, भले आपली फी लांबली तरी.

फीचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलते. निकालावर टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. तरीही दवाखान्याच्या दारात दलाल उभे असतात आणि वॉर्डबॉयच्या हातून वकीलपत्रे सह्यांना जातात. मदतनीसाच्या पगारासाठी आलेल्या रकमेतला चौथा हिस्सा कोणी घेत असेल, तर तो त्या माणसाची काही वर्षांची सेवा घेऊन जातो. हे बंद झाले पाहिजे आणि ते आपणच बंद करायचे आहे.

मुदतीबद्दल थोडेच सांगते, कारण ते तुम्ही जाणता. 1 एप्रिल 2022 पासून दाव्याला सहा महिन्यांची मर्यादा पुन्हा आली. त्या तरतुदीला आव्हान दिलेले आहे, आणि केवळ उशिरासाठी दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर 2025 मध्ये झाला. अंतरिम आदेशावर विसंबून राहू नका. ज्याचा मुलगा चार महिने व्हेंटिलेटरवर आहे त्या बापाला मुदत माहीत नसते. पोलिसांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल दावा प्राधिकरणाला द्यायचा आहे, आणि कायद्याने तो अहवालच अर्ज म्हणून धरायचा आहे. तो गेला की नाही हे पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. सुरुवातीच्या सात दिवसांसाठी दीड लाखांपर्यंतच्या रोकडरहित उपचारांची योजना मे 2025 मध्ये अधिसूचित झाली आहे, तीही नातेवाइकांना सांगा.

एका वर्गाचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जाणारे आमचे ऊसतोड कामगार. 2004 च्या बलजीत कौर निकालानंतर मालवाहू वाहनात फुकट बसलेल्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. मालकाकडे वसुलीसारखे काही नसते. अशा वेळी तो प्रवासी नव्हता, कामावर होता, हे दाखवणारा कागद शोधावा लागतो. मुकादमाची उचल लिहिलेली वही, कारखान्याची तोडणीची चिठ्ठी. हे कागद हंगाम संपला की नाहीसे होतात, म्हणून पहिल्या आठवड्यात मिळवा.

निवाड्यानंतरही आपले काम संपत नाही. सुसम्मा थॉमस निकालापासून रकमेचा मोठा भाग मुदत ठेवीत ठेवण्याची पद्धत आहे, ती ठेव व्याज दरमहा देणारी असावी असा आग्रह धरा. मार्च 2025 मध्ये रक्कम थेट अर्जदाराच्या बँक खात्यात देण्याबाबत निर्देश झाले. खाते त्याच्याच नावाचे असू दे, चुलत्याच्या नव्हे. भान हरपलेल्या माणसाचा वादमित्र नेमताना त्याला रोज कोण भरवते, ते पाहून नाव सुचवा.

शेवटी, आज संध्याकाळच्या खुल्या अधिवेशनात मी अध्यक्ष म्हणून एक ठराव मांडणार आहे. कायमच्या गंभीर अपंगत्वाच्या प्रत्येक दाव्यात आयुष्यभराच्या सेवेचा खर्च स्वतंत्र सदरात, गुणकासह मागायचा आणि ती सेवा करणाऱ्या व्यक्तीची साक्ष घ्यायची. प्रत्येक जिल्ह्यातल्या दोन वकिलांनी महिन्यातून एक दिवस सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग वॉर्डात विधिसेवा प्राधिकरणामार्फत बसायचे, फी न घेता. 15100 हा मोफत कायदा साहाय्याचा क्रमांक त्या वॉर्डाच्या भिंतीवर मराठीत, खाटेवरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लावायचा. ज्यांना हे मान्य आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत टेबलावरच्या यादीत आपले नाव, जिल्हा आणि फोन नंबर लिहावा.