बांडगूळ : एक परिचय

(विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा सारांश)



मी बँकेतला कारकून, त्यातून कला शाखेचा पदवीधर. वनस्पतिशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तरीही आवड म्हणून जे वाचले आणि झाडाखाली उभे राहून पाहिले, ते आपल्यापुढे ठेवतो.

बांडगूळ आपण सर्वांनी पाहिले आहे. आंबा, चिकू, कडुनिंब अशा शेकडो जातींच्या झाडांवर ते वाढते. शास्त्रीय नाव डेंड्रोफ्थो फाल्काटा, कुळ लोरँथेसी. ग्रीक भाषेत 'डेंड्रॉन' म्हणजे झाड आणि 'फ्थो' म्हणजे क्षय. आपल्या अमरकोशात त्याला वंदा, वृक्षादनी, वृक्षरुहा अशी नावे आहेत. वृक्षादनी म्हणजे झाड खाणारी, वृक्षरुहा म्हणजे झाडावर उगवणारी. एकाने दोष पाहिला, दुसऱ्याने केवळ ठिकाण सांगितले.

खरे काय? बांडगुळाची पाने जाड आणि हिरवी असतात. म्हणजेच सूर्यप्रकाशात ते आपले अन्न स्वतः तयार करते. पाणी आणि क्षार मात्र ते यजमान झाडाच्या लाकडात शोषकमुळे घुसवून घेते. म्हणून त्याला अर्धपरजीवी म्हणतात. अमरवेलीला हिरवी पाने नसतात, ती जवळजवळ सर्वस्वी दुसऱ्यावर जगते. आमरी फांदीवर नुसती बसते, झाडातून काही घेत नाही. लोक मात्र या सर्वांना सरसकट बांडगूळच म्हणतात.

याची लागवड माणूस करीत नाही, पक्षी करतात. लांब नळीसारख्या फुलांतील मधासाठी सूर्यपक्षी येतात आणि परागीभवन होते. पिकलेली फळे फुलटोच्या हा चिमुकला पक्षी खातो. बी इतके चिकट असते की विष्ठेतून पडताना तो ते फांदीवर घासून टाकतो. तेथेच ते रुजते, मातीची गरज लागत नाही. कोकणातील या पक्ष्यांच्या कामगिरीवर डॉ. सलीम अली यांनी १९३१ साली लेख लिहिला होता. हळदी-कुंकू या सुंदर फुलपाखराच्या अळ्याही याच कुळातील झाडांच्या पानांवर वाढतात.

आयुर्वेदात वंदाकाचा उपयोग सांगितला आहे. परंतु मित्रांनो, कोणी सांगितले म्हणून काढा करून पिऊ नका. कुचल्याच्या झाडावरील बांडगुळात कुचल्याचे विष उतरते. तोडून आणलेली फांदी कोणत्या झाडावरची, हे घरी कसे कळणार?

बागायतदाराचे नुकसानही खोटे नाही. बांडगूळ फार वाढले की त्याच्या पुढची फांदी सुकते, मोहोर कमी येतो. नुसती पाने ओरबाडून उपयोग नाही. लाकडातला भाग शिल्लक राहतो आणि ते पुन्हा फुटते. फळे पिकण्याआधी, गाठीच्या खोडाकडील बाजूस सुमारे फूटभर अंतर सोडून फांदी कापावी. जखमेवर बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी हे प्रमाण असते. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये. रानातल्या झाडावर मात्र एखादे बांडगूळ असेल तर ते पक्ष्यांसाठी राहू द्यावे.

आता भाषेविषयी थोडेसे. शिष्यवृत्तीचे पैसे काढायला आलेल्या मुलाला उद्देशून रांगेतला एखादा गृहस्थ हा शब्द हळूच उच्चारतो. निराधार अनुदानासाठी अंगठा उठवणाऱ्या म्हातारीच्या पाठीमागेही मी तो ऐकला आहे. त्या मुलाची मान खाली जाते, हे काउंटरच्या अलीकडून मला दिसते. आज समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी तो ऐकला असेल. शिष्यवृत्ती ही कोणाच्या फांदीतून चोरलेले पाणी नव्हे. ती समाजाने सार्वजनिक पैशातून, विचारपूर्वक आणि कायद्याने ठेवलेली तरतूद आहे; ज्या म्हातारीने जन्मभर दुसऱ्याच्या शेतात निंदणी केली, तिचे अनुदानही तसेच. असे बोलणाऱ्याशी भांडू नका. फॉर्म नीट भरा, रक्कम मोजून घ्या आणि मान वर करून बाहेर पडा.